झांशीचा वेढा आणि ‘माझा प्रवास’

शहरास वेढा पडला म्हणजे त्याची हकीकत बहुधा दोघे लिहितात: वेढा घालणारे आणि वेढ्याशीं झुंजणारे. तटाच्या आंत अडकलेला, हातीं शस्त्र नसलेला गृहस्थ सहसा मुकाच राहतो. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची थोरवी आम्हांस येथेंच वाटते.

गोडसे हे कोंकणांतील वरसईचे भिक्षुक. दक्षिणेच्या आशेनें ते उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. मार्च १८५८ मध्यें सर ह्यू रोजच्या फौजेनें झांशीस वेढा दिला, तेव्हां ते शहरांतच होते. १ एप्रिल रोजीं मदतीस आलेली तात्या टोपे यांची फौज बेटवाकांठीं मोडली; ३ एप्रिलला इंग्रज तट चढून आंत शिरले; दुसऱ्या रात्रीं राणी लक्ष्मीबाई किल्ल्याबाहेर पडल्या. एवढें कोणत्याही इतिहासांत मिळेल. गोडसे त्यापुढचें सांगतात. आधीं सोनें-रुपें, मग तांब्या-पितळेचीं भांडीं, मग कपडालत्ता, अशी लूट दिवसेंदिवस कशी खालीं उतरत गेली, राजवाड्यांतील पुस्तकालयाचा नाश कसा झाला, हें सारें ते लिहितात. राणीविषयीं त्यांची भक्ति उघड आहे. तरी शहराच्या हालांवर ते तिचें पांघरूण घालीत नाहींत.

पंचवटीस जाऊन आलेल्यांस ही लेखनरीति ओळखीची वाटेल. रामकुंडावरील उपाध्याय यजमानाची वंशावळ वहींत उतरतात. तींत नांव, गांव, गोत्र असतें, आक्रोशास रकाना नसतो. गोडशांच्या गद्याचें मूळ या संवयींत आहे, असें आमचें मत आहे. दुसरा लेखक जेथें हंबरडा फोडता, तेथें ते काय काय गेलें तें सांगतात, आणि वाचकाचा जीव अधिकच कासावीस होतो.

पुस्तक निर्दोष मात्र नव्हे. तें सुमारें पंचवीस वर्षांनंतर आठवणीवरून लिहिलेलें. पाहिलेलें व ऐकलेलें त्यांत एकत्र झालें आहे. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं तें छापतांना मजकुरास बराच हात लाविला. मूळ हस्तलिखितावरून प्रत दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं सिद्ध केली. चोखंदळ वाचकानें हीच हातीं घ्यावी.

सरकारी खलिता विजय मोजतो, पोवाडा पराक्रम मोजतो. शहरांतल्या माणसांचें काय झालें, असें पुसणारास मात्र या भटजींच्याच दारीं यावें लागतें.