तिरंगा, घोंगडी आणि सरकारची मदत

भोकरच्या मंडळींनी आम्हाला दिलेला विषय आहे 'ग्रामीण हस्तकला, हातमाग आणि शासनाचे प्रोत्साहन'. यातला 'प्रोत्साहन' हा शब्द आम्हाला जरा खटकतो. शर्यत बघायला आलेला माणूस कडेला उभा राहून धावणाऱ्याला प्रोत्साहन देतो. सरकार असं कडेला उभं नाही. नियम तेच करतं, कर तेच ठरवतं, आणि पुष्कळदा सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही तेच असतं. म्हणून आज आम्ही योजनांची यादी वाचून दाखवणार नाही. सरकार नियम करतं आणि माल विकत घेतं, त्या जागी ते कसं वागलं, एवढंच तपासू.

लांबचं उदाहरण नको. आपल्या नांदेडला राष्ट्रध्वज तयार होतो. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं हे काम. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रेरणेनं उभी राहिलेली ही संस्था. ध्वजाचं कापड उदगीरला विणलं जातं आणि ध्वज नांदेडला तयार होतो. भारतीय मानकात ध्वजाचे नऊ आकार ठरलेले आहेत. सगळ्यात मोठा 6300 बाय 4200 मिलिमीटरचा, सगळ्यात लहान 150 बाय 100 चा. कापडाचं वजन, सुताची संख्या, रंगाची छटा, सगळं ठरलेलं. हे येरागबाळ्याचं काम नाही.

आता बघा, या कामाला आधार कशाचा होता? अनुदानाचा नव्हे, एका वाक्याचा होता. 2002 च्या ध्वजसंहितेत लिहिलं होतं की राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या आणि हातानं विणलेल्या लोकर, सूत किंवा रेशमी खादीचाच असावा. त्या एका वाक्यामुळं देशातल्या प्रत्येक कार्यालयाच्या, प्रत्येक शाळेच्या झेंड्यामागं कुठंतरी एक चरखा आणि एक माग उभा होता. सरकारचा यासाठी वेगळा खर्च काही नव्हता. झेंडा तर घ्यायचाच होता. तो कुणाकडून घ्यायचा, एवढंच त्या वाक्यानं ठरवलं होतं.

30 डिसेंबर 2021 ला ते वाक्य बदललं. यंत्रावर केलेला आणि पॉलिएस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं. पुढच्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहीम आली. यंत्रावरच्या झेंड्यालाही 2022 मध्ये जीएसटीतून सूट मिळाली.

याला सरकारच्या बाजूनं उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मोहीम वीस कोटी घरांची होती. एवढे झेंडे हातमागावर काही महिन्यांत होणं शक्यच नव्हतं. गरीब घराला खादीचा झेंडा परवडलाही नसता. हे आम्हाला मान्य आहे. पण घराघरावरच्या झेंड्यासाठी मोकळीक देऊन सरकारी कार्यालयांना, शाळांना आणि ग्रामपंचायतींना खादीचं बंधन ठेवता आलं असतं की नाही? दोन वेगळ्या गरजा होत्या, त्यांना एकाच नियमात कोंबलं. आमची तक्रार पॉलिएस्टरबद्दल नाही. सरकारनं आपल्या स्वतःच्या खरेदीतलं बंधनही सोडून दिलं, याबद्दल आहे.

आता आकडे बघू. देशात हातमागावर आणि हातमागाशी जोडलेल्या कामांत 1987-88 च्या गणनेत 67 लाख माणसं होती. 1995-96 ला 65 लाख, 2009-10 ला 43 लाख, 2019-20 ला 35 लाख. याच काळात योजना कमी झाल्या नाहीत. 2015 पासून तर 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिनही साजरा होतो. शेवटच्या गणनेनुसार सुमारे दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत आहे. दिवसाला एकशे सत्तर रुपयेसुद्धा घरटी पडत नाहीत. मग विणकराचा पोरगा हैदराबादला जाऊन वॉचमन झाला तर त्याला 'परंपरा सोडली' म्हणून नावं ठेवायची का? परंपरेनंच त्याला आधी सोडलं.

पैसा मुरतो कुठं? एक नमुना देतो. खादीवर पूर्वी गिऱ्हाइकाला सूट मिळायची, गांधी जयंतीला रांगा लागायच्या. 2010 पासून त्याऐवजी उत्पादनाच्या किमतीवर 20 टक्के साहाय्य सुरू झालं. कल्पना चांगली होती. पण तेव्हा ठरलेली वाटणी ऐका. विकणाऱ्या संस्थेला 45 टक्के, तयार करणाऱ्या संस्थेला 30 टक्के, आणि कातणाऱ्या-विणणाऱ्याला 25. दुकान चालवायला खर्च येतो, कबूल. तरीही कारागिराच्या नावानं निघालेल्या पैशात सगळ्यात लहान वाटा कारागिराचाच.

दुसरा नमुना घोंगडीचा. मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, बायांनी ती कातायची, चिंचोक्याची खळ द्यायची, मग खड्ड्याच्या मागावर विणायची. घोंगडी एकच, पण मेंढी एका महामंडळाकडं, लोकर दुसऱ्या मंडळाकडं, माग तिसऱ्या खात्याकडं. 2023 ची पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत कुंभार आहे, लोहार आहे, टोपल्या-झाडू करणारा आहे. हातमागाचा विणकर नाही, कारण त्याच्या योजना वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या. म्हणजे घोंगडीवाल्यानं आधी आपण कोण, हे शोधायचं आणि मग अर्ज करायचा.

गंमत अशी की 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली राखीव असलेल्या वस्तूंत कांबळही आहे. ती यंत्रमागावर काढायची नाही असा हा कायदा. सुरुवातीला बावीस प्रकारचं कापड राखीव होतं, आता अकरा. ती अकरा तरी कोण राखतंय? कुठल्याही बाजारात उभं राहून यंत्रावरच्या कांबळ्या मोजाव्यात.

राज्य सरकारच्या 2023 ते 2028 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण आणि घोंगडी या पाच वस्त्रांचं नाव घेतलं, विणकरांना सणासाठी भत्ता ठेवला. चांगलंच केलं. भत्त्यानं सण गोड होतो. पण उरलेल्या अकरा महिन्यांत मागावर काय चढवायचं, याचं उत्तर भत्त्यात नसतं. ते ऑर्डरमध्ये असतं.

म्हणून पुढं कुठलीही योजना जाहीर झाली की आपण तीन प्रश्न विचारू. यातून विणकराची रोजची मजुरी किती वाढली? सूत किंवा लोकर त्याला वेळेवर आणि रास्त भावात मिळाली का? आणि सरकारनं स्वतः किती माल विकत घेतला? प्रदर्शन किती भरली, दिवस किती साजरे झाले, हे नंतर सांगावं.

तिसऱ्या प्रश्नासाठी तर मुंबई-दिल्लीची वाटही बघायला नको. संहिता बदलली तरी खादीचा झेंडा घ्यायला बंदी झालेली नाही. भोकर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी ठराव करावा की आमच्या आवारात फडकेल तो उदगीरच्या मागावरच्या कापडाचा आणि नांदेडला शिवलेलाच ध्वज. रक्कम मोठी नाही, आणि त्यासाठी कुणाची मंजुरीही लागत नाही. येत्या 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आपण झेंडावंदनाला जमणारच आहोत. त्याआधीच्या ग्रामसभेत हा ठराव कोण मांडतो, ते आज इथंच ठरवू या.