सुप्याचा दंगा आणि दूरची लढाई

सुप्याच्या दंग्याचे कारण अमेरिकेत शोधण्याची आता आपल्याला सवयच झाली आहे. साखळी सोपी आहे : १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, मुंबईचा भाव चढला, सावकाराने कुणब्याला सैल हाताने कर्ज दिले, १८६५ला लढाई थांबली, भाव पडले, सावकाराने हात आखडला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात (आज ते बारामती तालुक्यात आहे) कर्जखते जळाली. ही साखळी खोटी नाही. मात्र तिची एक कडी या मुलखात बसत नाही.

ती कडी कापसाची. नीरा-कऱ्हेच्या प्रदेशाचे मुख्य पीक बाजरी आणि ज्वारी. कापसाचे सोने झाले ते खानदेश, वऱ्हाड, धारवाडकडे. इथे लढाई आली ती पैशाच्या रूपाने. मुंबईत ओतलेल्या चांदीने धान्याचे भाव व मजुरी चढली. त्याच सुमारास पुणे-दौंड लोहमार्ग झाला, १८६३ला बोरघाट खुला झाला, हाती रोकड खेळू लागली. आणि नेमके त्याच वेळी सरकारी मोजणीदार दारात आला.

इंदापूरचे महत्त्व इथे आहे. १८१८त पेशवाई बुडवल्यावर प्रिंगलने ठरवलेला सारा रयतेला झेपला नाही. म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासूनच फेरमोजणी सुरू केली आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी दर बांधून दिले. मुदत संपली ती कापसाच्या तेजीच्या शेवटाला. १८६७च्या फेरआकारणीने तालुक्याचा सारा भरमसाट वाढवला. तेजीतले भाव जणू कायमचे होते. भाव उतरले, सारा उतरला नाही. कंपनीने जिंकलेली लढाई आणि परक्यांची लांबची लढाई अशा दोन्ही लढाया या एका आकारणीपत्रकात भेटतात. आपल्या लेखनात मात्र दुसरीचेच कौतुक जास्त.

दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाने साऱ्यापेक्षा सावकारीवर बोट ठेवले, आणि सरकारला ते सोयीचे होते. रविंदर कुमारांनी १९६८ साली दंग्याचे मूळ इंग्रजी महसूलपद्धतीने गावातला तोल बिघडवला यात शोधले; नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली दंग्याला सरळ मिथक ठरवले. गावे तीसेक, हिंसा थोडी, परिणाम बेताचा. त्यांची मोजदाद मान्य. निष्कर्ष पटत नाही. ९५१ माणसे पकडली गेली, पण त्याहून बोलका आहे तो दंगेखोरांचा हट्ट. त्यांना माणूस नव्हे, कागद हवा होता. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षेच चालू राही, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई. कुणब्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे ते कोर्ट विचारत नसे. १८७९च्या कायद्याने पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला. बेताच्या दंग्याने हे घडवले असेल, तर बेताचा हा शब्द बदलायला हवा.

सांगवीच्या वाचकाला हे सगळे वरच्या जिरायत पट्ट्याचे दुखणे वाटेल, आणि त्याला कारण आहे. दंग्यापाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ पडला. पुढच्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, वर भाटघरचे धरण उभे राहिले. सारा सैल करण्यापेक्षा पाणी विकणे सरकारला परवडत होते, असे माझे वाचन आहे. नदीकडची गावे बागायती झाली. जिथे खते जळाली ते सुपे कोरडेच राहिले. तालुक्याची ही फाळणी अभ्यासकांनी दंग्याच्या हिशेबात धरलेलीच नाही. त्यांची गोष्ट १८७९च्या कायद्याशी संपते.

आणखी एक बाजू राहते. सांगवीसमोर नीरा ओलांडली की फलटण संस्थान. तिथल्या कुणब्यालाही महागाई आली, मंदी आली, वाणी तोच होता. पण त्याचा सारा पुण्याचा कलेक्टर ठरवत नव्हता. दोन्ही काठांची दप्तरे शेजारी ठेवून वाचली, तर लढाईने किती केले आणि मोजणीने किती, हे निवडून काढता येईल.