पाण्यानंतरचं मलम

गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो नांदेडला. हदगावच्या मला त्यांच्या साख्या परक्या नाहीत. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया जखमी मुघलांनाही पाणी पाजत. तक्रार झाली. सगळ्यांत मला तुम्हीच दिसता, असं त्यांनी गुरूंना सांगितलं. बहुतेक जण साखी इथंच संपवतात. मला ती अर्धवट वाटते. पुढे गुरूंनी त्यांना मलमपट्टीही दिली, म्हणजे शत्रूच्या जखमेवर इलाज करायला सांगितलं. रेडक्रॉस आली १८६३ मध्ये, दीडशे वर्षांनी.

तक्रार करणाऱ्यांची भीती खरी होती: पाणी प्यालेला शत्रू पुन्हा उठणार. ती भीती वगळली की साखी नुसती गोड होते. श्रद्धेपोटी युद्धात औषधं नेणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, पलीकडच्या जखमीसाठी पिशवीत काय आहे?