वजनाचा न्याय

हॉकी म्हटली कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें हिरवळ, वांकडी काठी आणि १९२८ सालच्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधील ध्यानचंदांचा पराक्रम उभा राहतो. प्रस्तुत परीक्षणास आम्हीं ज्या दोन कृती घेतल्या आहेत त्यांतील हॉकी मात्र बर्फावरची आहे, आणि ती खेळावयाची तीही पडद्यावर, केवळ बोटांनीं. निंटेंडो या जपानी कंपनीचा १९८८ चा ‘आइस हॉकी’ आणि अमेरिकेंतील ईए स्पोर्ट्सचा १९९३ चा ‘एनएचएल ९४’ हे ते दोन व्हिडिओ गेम. असल्या वस्तूंना समीक्षेच्या दरबारांत कसलें स्थान, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, जेथें नियमांनीं एक जग रचून त्यांत माणसाला वावरावयास लावलेलें असतें, तेथें त्या रचनेची न्याय्यता तपासणें हें टीकाकाराचें कामच होय. क्षेमेंद्रानें काव्याचें जीवित औचित्यांत पाहिलें. खेळाचें जीवितही त्यांतच आहे, फक्त तेथें त्याला समतोल म्हणतात.

‘आइस हॉकी’ची मांडणी बाळबोध आहे. गोलरक्षक सोडून प्रत्येक संघांत चार गडी. ते तीन प्रकारच्या अंगलटींतून निवडावयाचे: कृश, मध्यम आणि स्थूल. कृश गडी चपळ. पण त्याचा फटका दुबळा, आणि धक्का लागतांच तो कोलमडतो. स्थूल गडी मंद. पण त्याचा फटका जबर, आणि त्याला हलविणें कठीण. सहा देशांचे संघ दिले आहेत, पण त्यांत फरक आहे तो रंगापुरताच. खरा संघ घडतो तो या निवडीनें. येथें प्रत्येक गुणाची किंमत एका दोषानें मोजावी लागते. म्हणून चौघेही स्थूल घेणारा आणि चौघेही कृश घेणारा, दोघेही आपापल्या स्वभावाची कसोटी लावून बसतात. पकसाठीं दोघांची झटापट लांबली तर इतरही धांवून येतात, मारामारी जुंपते, आणि हरलेल्या पक्षाचा एक गडी कांहीं काळ शिक्षेला जातो. हा प्रसंग वरून चिकटविलेला नाहीं. तो खेळाच्या हिशेबांत मोडतो.

‘एनएचएल ९४’ची महत्त्वाकांक्षा निराळी. लीगचे संघ आणि प्रत्यक्ष खेळाडूंचीं नांवें, दोन्ही त्यांत आहेत. प्रत्येकाचा वेग, फटका, वजन आंकड्यांत उतरविलें आहे. याच खेळानें, सहकाऱ्याकडून आलेला पक न थांबवितां तसाच गोलांत मारण्याची युक्ति रूढ केली. गोलरक्षक एका बाजूस सरकलेला असतो आणि फटका दुसऱ्या बाजूनें येतो. ही योजना आम्हांस फार उंचीची वाटते. कारण ती दोन गड्यांच्या सहकार्याला बक्षीस देते, आणि पासची वाट अडवून प्रतिपक्षाला तिचें उत्तरही देतां येतें. पूर्वीच्या भागांतील मारामारी मात्र येथें गाळली. १९९६ च्या ‘स्विंगर्स’ या चित्रपटांतील पात्रेंसुद्धां त्याबद्दल हळहळतात. परंतु ती गेल्यानें खेळ कोठें लंगडत नाहीं. जें काढल्यानें देह लंगडत नाहीं तो अलंकार, अवयव नव्हे.

दोष आहे तो दुसरीकडे. सेगाच्या यंत्रावरील आवृत्तींत वजनाचा हिशेब उलटा पडला आहे: हलका गडी भारी गड्याला सहज पाडतो. म्हणजे चपळाई हलक्याची, आणि धक्क्याचें बळही त्याचेंच. भारी गड्याच्या पदरीं केवळ मंदपणा. शिवाय गोलापुढून आडवें सरकत जाऊन, एका बाजूस हुलकावणी देऊन दुसऱ्या बाजूनें पक सोडला असतां यंत्राच्या ताब्यांतील गोलरक्षक वारंवार फसतो. एक युक्ति सहकार्य शिकविते, तर दुसरी एकट्यानेंच काम भागवावयास सांगते.

यावर असा आक्षेप येईल कीं, हे दोष दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना सारखेच उपलब्ध असतात. मग अन्याय कोणावर? हा आक्षेप समानता आणि समतोल यांची गल्लत करतो. दोघांच्या हातीं एकच शस्त्र दिल्यानें दोघे समान होतात. पण एकच शस्त्र सरस ठरलें कीं निवडीला अर्थ उरत नाहीं, आणि निवड नाहीं तेथें बुद्धीला काम नाहीं. हुलकावणीच्या बाबतींत खेळानें पळवाट ठेविली आहे: गोलरक्षक स्वतःच्या हातांत घेतां येतो, आणि मग ती अमोघ राहत नाहीं. वजनाच्या बाबतींत मात्र तशी सोय नाहीं. शिवाय ज्या कृतीनें खऱ्या माणसांचीं नांवें आणि वजनें मिरविलीं, तिनें त्याच वजनाचा अर्थ उलटा करावा, हा आपल्याच प्रतिज्ञेचा भंग होय. ‘आइस हॉकी’नें वास्तवाचें कसलेंच वचन दिलें नव्हतें, म्हणून तिचे ते तीन पुतळे अधिक प्रामाणिक ठरतात.

तरीही हातांत घ्यावयास आम्ही ‘एनएचएल ९४’ची शिफारस आधीं करूं. त्याची गति, पासमधील लय आणि क्षणांत फिरणारा डाव यांची सर दुसऱ्या कृतीला नाहीं. पण खेळ रचूं पाहणाऱ्या तरुणानें अभ्यासावयाचा तो ‘आइस हॉकी’च. कोणताही गुण फुकट देऊं नये, हा धडा तेथें तीन अंगलटींत संपूर्ण सांगितलेला आहे.