पेट्रोल संपत नाही, कारण कुणीतरी कार्बोरेटर साफ करतं

मारुतीची एक जुनी जाहिरात यूट्यूबवर अजून सापडते. एक लहान सरदार मुलगा खेळण्यातली गाडी घरभर फिरवतोय. वडील वैतागतात, तर तो अगदी निरागसपणे सांगतो की काय करू, पेट्रोल संपतच नाही. पुढे २०१०च्या आसपास याच कंपनीच्या जाहिरातींची दुसरी मालिका आली. समोर आलिशान यॉट असो की अंतराळयान, सगळी माहिती ऐकून झाल्यावर भारतीय माणूस एकच प्रश्न विचारतो : ‘कितना देती है?’ मराठीत आपण हेच ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असं विचारतो.

दोन्ही जाहिराती चांगल्या आहेत. त्या बघताना हसू येतं, कारण त्या प्रश्नात आपले वडील, काका, सोसायटीतले सगळे दिसतात. पण दोन्हींच्या तळाशी एक गृहीतक आहे. अ‍ॅव्हरेज म्हणजे कंपनीनं गाडीच्या पोटात भरून दिलेली काहीतरी वस्तू. गाडी ‘देते’ आणि आपण घेतो. शोरूममधून नुकत्याच निघालेल्या गाडीबाबत हे बरंचसं खरं आहे. पण मारुती ८००चं बरंच आयुष्य दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाच्या दारात गेलं. तिथे गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही. ते तिच्याकडून काढून घ्यावं लागतं, आणि काढणारा माणूस जाहिरातीत कुठेच नसतो. मारुती ८००बद्दल आपण आजवर ज्या गोष्टी सांगत आलो, त्या सगळ्यांतून हा माणूस गायब आहे, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण तुमच्यातल्या अनेकांनी ती फक्त मागच्या सीटवरून पाहिली असेल.

१९८३ साली ती आली तेव्हा रस्त्यावर मुख्यतः अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी होत्या. दोन्ही जड, दोन्हींची ताकद मागच्या चाकांना जायची. मारुतीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, बॉनेटखाली आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं फिरवणारं. गाडीचं वजन साधारण साडेसहाशे किलो. आजच्या लोकप्रिय छोट्या एसयूव्ही हजार किलोंच्या पुढे असतात, म्हणजे रोज ऑफिसला जाताना अख्खी बुलेट आणि वर तीन-चार माणसं इतकं वजन आपण जादा ओढत नेतो. ८००च्या काटकसरीचं मोठं गुपित हेच होतं : ओढायलाच कमी. लहान इंजिन, बारा इंची अरुंद चाकं, पातळ पत्रा. १९८६मध्ये तिचं रूप बदललं, आपल्या डोळ्यांपुढे येते ती ‘८००’ तेव्हाची. २०००च्या सुमाराला कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. जानेवारी २०१४मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर अठ्ठावीस लाखांहून अधिक बनल्या होत्या.

आता त्या गायब माणसाकडे येऊ.

कार्बोरेटर हे पेट्रोल आणि हवा एकत्र करणारं भांडं. त्यात सुईच्या टोकाएवढ्या भोकांची जेट असतात. एका भोकात कचरा अडकला की गाडी मिसिंग करते, चढावर पिकअप घेत नाही. चोक पूर्ण मागे गेला नाही की पेट्रोल जास्त जातं आणि गाडी नुसती पिते. हे कळतं कसं? मेकॅनिक प्लग काढून त्याचं टोक बघतो. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर कमी. फिकट विटकरी असेल तर ठीक. मग स्क्रू थोडा फिरवायचा, कान देऊन ऐकायचं, पुन्हा थोडा फिरवायचा. अशा कामाला पदवी मिळत नाही आणि यूट्यूबवर बघूनही ते पुरतं येत नाही, कारण अर्धं ज्ञान कानात असतं.

बाकीची कामं याहून साधी. चाकात हवा कमी असेल तर टायर रस्त्याला जास्त चिकटून घासतो आणि पेट्रोल वाया जातं. एखाद्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसेल तर तुम्ही दिवसभर अर्धा ब्रेक दाबूनच गाडी चालवताय. पुढच्या अ‍ॅक्सलवरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर फेकलं जातं, आत धूळ जाते आणि वळताना कट-कट आवाज येऊ लागतो. तेव्हाच बूट बदलला तर खर्च किरकोळ, दुर्लक्ष केलं तर अख्खा जॉइंट. टायमिंग बेल्ट तुटायच्या आधी बदलायचा असतो, तुटल्यावर नाही. यातलं एकही काम अवघड नाही, पण एकही एकदा करून संपत नाही. म्हणजे जुनी गाडी कमी पिते, ती कोणीतरी दर दोन-तीन महिन्यांनी तिच्याकडे नीट बघतं म्हणून. अ‍ॅव्हरेजचा आकडा हा गाडीइतकाच त्या बघण्याचाही असतो.

हे बघणं शक्य झालं, हीच ८००ची माझ्या मते सर्वांत मोठी गुणवत्ता. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूनं खालची जमीन दिसायची. हात घालायला जागा होती. साध्या पान्यांनी बहुतेक सगळं निघायचं. पार्ट पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला, आणि तालुक्याच्या गावातही मिळायचे. ओरिजिनल परवडला नाही तर लोकल, तोही नको तर भंगारातल्या दुसऱ्या ८००चा काढलेला. पद्मिनी शिकून तयार झालेल्या मिस्त्रींना पुढची चाकं ओढणारी ही गाडी नव्यानं शिकावी लागली आणि त्यांनी ती शिकली. एका जपानी डिझाइनभोवती गल्लोगल्ली एक अख्खं देशी शास्त्र उभं राहिलं. कुठल्याही जाहिरातीत ते दिसत नाही, कारण ते दाखवायचं तर गाडी बिघडते हे आधी कबूल करावं लागतं.

जाहिरातीनंतर दुसरी गोष्ट आली, आठवणींची. तिचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे पहिली मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत इंदिरा गांधींनी तिची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली. इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरी करणारे हरपाल सिंग सोडतीत नंबर लागलेले ग्राहक होते. आपली फियाट विकून त्यांनी ही घेतली. किंमत ४७,५०० रुपये. २०१०मध्ये वारेपर्यंत त्यांनी ती विकली नाही. त्यांच्यानंतर ती घराबाहेर गंजत उभी असल्याचे फोटो फिरले, लोक हळहळले. अखेर कंपनीनं ती दुरुस्त केली. आता पांढरीशुभ्र होऊन ती कंपनीच्या मुख्यालयात उभी आहे.

ती वाचली याचा मलाही आनंद आहे. पण एक कलाकृती म्हणून या गाडीकडे बघा. तिच्यावर सत्तावीस वर्षांच्या वापराची एकही खूण नाही. कोणता दरवाजा कधी ठोकून सरळ केला, कोणत्या उन्हाळ्यात रेडिएटर बदलला, सीटचं कव्हर कोणी शिवलं, हे सगळं रंगाखाली गेलं. आपल्यापुढे उरला तो १४ डिसेंबरचा एक दिवस. इन्स्टाग्रामवरचे ‘रिस्टोर्ड ८००’चे रील्स हेच करतात. मागे नव्वदीतलं एखादं गाणं, पुढे चकचकीत लाल गाडी, खाली ‘बालपण’ असं कॅप्शन. धुतलेली, पुसलेली, बहुतेक वेळा थांबलेली. तिला हात लावलेल्या माणसांची नावं कॅप्शनमध्ये नसतात. गोष्टीत पहिला मालक उरतो आणि शेवटचा रिस्टोरर. मधली तीस वर्षं, ज्यांत ही गाडी खरोखर देशाची गाडी झाली, ती गाळली जातात.

आठवणींच्या या गोष्टीत आणखी एक लबाडी आहे. ती गाडीच्या उणिवा गिळते, आणि या उणिवा मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाहीत.

पहिली म्हणजे सुरक्षितता. ८००मध्ये एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, आणि साडेसहाशे किलोंची काटकसर ज्या पातळ पत्र्यातून आली तोच धडकेत तुमच्या आणि ट्रकच्या मध्ये असतो. तिचं उत्पादन थांबलं त्याच महिन्याच्या शेवटी, जानेवारी २०१४मध्ये, ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. त्यात तिची धाकटी बहीण अल्टो ८०० होती. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. म्हणजे प्रश्न एकट्या ८००चा नव्हता. ‘स्वस्त’ या शब्दात आपण माणसाच्या छातीची किंमत धरलीच नव्हती. ‘आमच्या वेळी गाड्या मजबूत होत्या’ हे वाक्य ऐकलंत तर हे निकाल आठवा. गावातल्या गावात, चाळीसच्या वेगात ८०० चालवणं वेगळं आणि तिच्यात चार जण बसवून एक्सप्रेसवेवर जाणं वेगळं.

दुसरी उणीव धुराची. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५पासून आधी चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. त्याआधीची कार्बोरेटरवाली गाडी कितीही प्रेमानं ट्यून केली तरी आजच्या बीएस-सिक्स गाडीइतकी स्वच्छ होत नाही. कमी पेट्रोल पिणं आणि कमी विषारी धूर सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८००ला स्वतःलाही हे भोवलं. बीएस-फोरचा नियम आला तेव्हा २०१०मध्ये मुंबई, पुण्यासह तेरा शहरांत तिची विक्री बंद झाली.

म्हणून मी जुनी गाडी ठेवाच असं म्हणत नाहीये. ठेवावी की नाही हा हिशेब आता महागही झालाय. पंधरा वर्षांनी पासिंग करायची फी एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. दिल्लीच्या एनसीआरमध्ये तर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ताच बंद झाला. त्यात पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच म्हटलं होतं की मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटेल. जुने रबरी पाइप आणि वॉशर त्यानं लवकर खराब होऊ शकतात; ते ओल शोषत असल्यानं महिनोनमहिने उभ्या गाडीच्या टाकीला गंजाचा धोका वाढतो. एमपीएफआय गाडीचा सेन्सर मिश्रण काही प्रमाणात आपोआप सावरून घेतो. कार्बोरेटरला सेन्सर नसतो. त्याचा सेन्सर म्हणजे पुन्हा तोच प्लग बघणारा माणूस.

आणि इथे खरं काय पणाला लागलंय ते दिसतं. गाड्या जातीलच, काही जायलाही हव्यात. पण त्यांच्याबरोबर एक नातं जातंय, ज्यात कमी पैशांतला माणूस आपल्या यंत्राच्या आत काय चाललंय हे जाणू शकत होता. त्याला स्वतःला कळलं नाही तर कोपऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाला कळायचं, आणि तो माणूस ‘अजून सहा महिने चालेल, आत्ता नको बदलूस’ असं सांगू शकायचा. नव्या गाडीत लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष वाचता येत नाही, आणि बरेचदा पार्ट दुरुस्त होत नाही, फक्त बदलला जातो. ती अधिक सुरक्षित आहे, अधिक स्वच्छ आहे; हे दोन्ही फायदे मला हवेत. पण एअरबॅग असलेली गाडी गल्लीतल्या मिस्त्रीला उघडता येऊ नये असा काही निसर्गनियम नाही. तो कुणीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि आपण तो विनातक्रार स्वीकारलाय, कारण आपल्याला विचारायला एकच प्रश्न शिकवला गेला होता.

तुमच्यापैकी कुणी पहिली गाडी म्हणून पस्तीस-चाळीस हजारांची ८०० बघत असेल, तर चकचकीत रंगाला भुलू नका. पायाखालची मॅट उचलून पत्रा बघा, गंज तिथे लपतो. एक प्लग काढून त्याचा रंग बघा. आरसीवरची तारीख बघा. मग विकणाऱ्याला अ‍ॅव्हरेज विचारू नका, तो वाढवूनच सांगणार. विचारा, ही कोणाकडे दुरुस्तीला जायची? त्याला नाव आणि पत्ता चटकन सांगता आला, तर आधी त्या गॅरेजात जाऊन या. गाडी नंतर बघा.