दिवसाच्या कामकाजाची यादी : एका संहितेची समीक्षा

लोकसभेच्या वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा भाषणांकडे जाते. वक्तृत्व, युक्तिवाद, उपरोध, प्रसंगावधान हे गुण भाषणांत सापडतात, आणि समीक्षेची परिचित परिमाणे त्यांना सहज लागू पडतात. परंतु प्रत्येक बैठकीच्या आधी एक दुसरी संहिता तयार झालेली असते. तिच्यात वक्तृत्व नाही, अलंकार नाहीत, कर्त्याची मुद्रा नाही. क्रमांक घातलेल्या काही बाबी, मंत्र्यांची व सदस्यांची काही नावे आणि ठरीव साच्याची काही वाक्ये एवढीच तिची सामग्री. ही संहिता म्हणजे दिवसाच्या कामकाजाची यादी. ती वापरावयाची वस्तू आहे, वाचावयाची नव्हे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि ह्या यादीला स्वतःची रचना आहे, स्वतःचे व्याकरण आहे आणि त्या दोहोंतून व्यक्त होणारी एक भूमिकाही आहे. सभागृहाच्या एखाद्या दिवसाचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास त्या दिवशी काय बोलले गेले एवढेच पाहून भागत नाही. काय बोलले जाईल असे आधी लिहिले गेले होते, हेही पाहावे लागते.

प्रथम ह्या संहितेच्या अधिकाराचा विचार करणे इष्ट होय. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या ३१ व्या नियमान्वये ही यादी महासचिव तयार करतात, आणि यादीत नसलेले कोणतेही काम अध्यक्षांच्या अनुज्ञेवाचून त्या बैठकीत करता येत नाही. सरकारी कामाचा क्रम अध्यक्ष सभागृहनेत्याशी विचारविनिमय करून ठरवितात. कोणत्या कामास किती वेळ द्यावा ह्याची शिफारस १९५२ पासून कामकाज सल्लागार समिती करीत आली आहे, आणि तिच्यात निरनिराळ्या पक्षांचे सदस्य असतात. तात्पर्य, ह्या संहितेचा कर्ता एक नाही. सरकारची निकड, विरोधकांचा आग्रह, अध्यक्षांचा निर्णय आणि सचिवालयाची लेखनशिस्त अशा चार हातांतून ती तयार होते.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर ह्यांच्या कारकिर्दीत (१९५२–१९५६) ह्या व्यवस्थेची घडी बसली. सल्लागार समितीपाठोपाठ १९५३ मध्ये, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समितीही अस्तित्वात आली. दोन्ही समित्यांच्या मुळाशी एकच दृष्टी दिसते : दिलेला शब्द लिहून ठेवावा, आणि तो पाळला गेला की नाही हे मागाहून कोणासही पडताळता यावे. कामकाजाची यादी हे ह्या दृष्टीचे रोजचे रूप आहे. ती सभागृहाने सभागृहास दिलेला एका दिवसाचा लेखी शब्द होय.

आता रचनेकडे वळता येईल. यादीची पहिली बाब प्रश्नांची. बत्तिसाव्या नियमाने, अध्यक्षांनी अन्यथा निर्देश दिला नसेल तर, प्रत्येक बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेला आहे. त्यानंतर पटलावर ठेवावयाचे कागदपत्र येतात. मग समित्यांचे अहवाल, मंत्र्यांची निवेदने, विधेयकांचे पुरःस्थापन, आणि सर्वांत शेवटी विधेयकांचा विचार व त्यांची संमती किंवा अनुदानांच्या मागण्या. ह्या क्रमाकडे केवळ सोयीचा क्रम म्हणून पाहिल्यास त्यातील अर्थ निसटतो. सरकारने प्रथम उत्तर द्यावे, नंतर आपले कागद उघडे करावेत, आणि त्यानंतरच सभागृहाकडे नवा कायदा किंवा पैसा मागावा, असा हा क्रम आहे. मागण्याआधी उत्तर देणे, ह्या एका सूत्रात उत्तरदायी शासनाची संपूर्ण कल्पना सामावली आहे. राज्यघटनेने मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असल्याचे सांगितले; यादीने त्या तत्त्वाला वेळापत्रकातील पहिली जागा दिली.

ही पहिली जागा सुखासुखी मिळालेली नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, परंतु उत्तर कितीही अपुरे असले तरी उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी तो अधिकार मूळ प्रश्नकर्त्यापुरता दिला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांनाही मिळाला. उपप्रश्नावाचून प्रश्न म्हणजे कचेरीत दिलेला अर्ज. उपप्रश्नाने तो जाबसाल होतो. आजच्या यादीतील तारांकित व अतारांकित हा भेद ह्याच इतिहासाची खूण आहे. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित प्रश्न घेतले जातात व त्यांची उत्तरे तोंडी द्यावयाची असतात. अतारांकित प्रश्नांची मर्यादा २३० असून त्यांना लेखी उत्तरे मिळतात. प्रश्नावर काढलेली ती लहानशी चांदणी म्हणजे मंत्र्यास उभे करण्याचा, आणि उत्तरानंतर पुन्हा विचारण्याचा अधिकार होय.

ह्या अधिकाराचे सामर्थ्य १९५७ मध्ये दिसून आले. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केल्यासंबंधी सभागृहात प्रश्न उपस्थित झाला. उत्तरांनी समाधान झाले नाही. आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी ह्यांनी ते प्रकरण तपशीलवार मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला ह्यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांना पद सोडावे लागले. विशेष हे की, प्रश्नकर्ते व फिरोज गांधी दोघेही सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते. पक्षनिष्ठेच्या पलीकडे जाऊन विचारण्यास जागा हवी, आणि ती रोज, विनवणी न करता मिळावी, हेच यादीतील पहिल्या बाबीचे प्रयोजन. त्या घटनाक्रमाच्या आरंभी गाजलेले भाषण नव्हते. यादीतील एक क्रमांक होता.

रचनेइतकेच यादीचे व्याकरणही लक्षणीय आहे. विधेयकासंबंधीची नोंद ठरीव साच्याची असते. अमुक मंत्री असा प्रस्ताव मांडतील की अमुक विधेयक विचारार्थ घेण्यात यावे. आणि लगेच पुढच्या ओळीत, तेच मंत्री असाही प्रस्ताव मांडतील की ते विधेयक संमत करण्यात यावे. ह्या दोन ओळींच्या मध्ये, कागदावर, काहीही नाही. वस्तुतः सर्व संसदीय जीवन त्याच मोकळ्या जागेत घडावयाचे असते : सर्वसाधारण चर्चा, दुरुस्त्या, प्रत्येक कलमावरील विचार, मतदान. यादी विचार आणि संमती ह्यांना एका श्वासात उच्चारते, आणि मधला अवकाश सभागृहाने भरावा अशी अपेक्षा ठेवते. ही अपेक्षा हे तिचे बळ आहे, आणि तिचे मर्मही. कारण तो अवकाश कोणी भरला नाही, तरी यादीतील वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते.

यादीत सरकारचाच स्वर ऐकू येतो, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः खरा आहे. बहुतेक नोंदींत कर्ता मंत्रीच असतो. परंतु काही जागा ह्या नियमाला छेद देतात. अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक येते तेव्हा तो अध्यादेश नामंजूर करावा असा विरोधी सदस्याचा ठराव त्या विधेयकाच्या जोडीने नोंदला जातो, आणि दोहोंवर एकत्र चर्चा होते. म्हणजे सरकारचे म्हणणे आणि त्याचा निषेध एकाच पानावर, एकमेकांना लागून उभे राहतात. शुक्रवारी बैठकीचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना व ठरावांना मिळतात. अशा सदस्यांनी मांडलेले विधेयक कायद्यात परिणत होण्याचा प्रसंग १९७० नंतर आलेला नाही; तरीही ते अडीच तास यादीत आहेत, आणि सत्ता नसलेल्या सदस्याचेही नाव त्या पानावर कर्त्याच्या जागी येते. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घाटासंबंधी संवाद, विरोध व समतोल ह्या तत्त्वांचा विचार केला. यादी ही कलाकृती नव्हे, आणि तिला सौंदर्यशास्त्राचे निकष लावण्याचे कारण नाही. परंतु विरोधाला निश्चित जागा दिल्यावाचून समतोल साधत नाही, हे तिच्या घाटातूनही स्पष्ट होते.

येथवर यादीचा विचार तिच्या स्वतःच्या मर्यादेत झाला. परंतु ही संहिता प्रयोगासाठी लिहिलेली आहे. म्हणून लिहिलेला दिवस आणि घडलेला दिवस ह्यांचा संबंध तपासणे आवश्यक ठरते. हा संबंध मुख्यतः तीन प्रकारांनी बिघडतो, आणि तिन्हींचे मोल सारखे नाही.

पहिला प्रकार : घडले, पण लिहिलेले नव्हते. प्रश्नोत्तरांनंतरचा शून्य प्रहर ह्याचे उत्तम उदाहरण होय. साठाच्या दशकात रूढ झालेल्या ह्या प्रथेला मूळ नियमांत स्थान नव्हते. तातडीचा विषय यादीची वाट पाहू शकत नाही, ह्या जाणिवेतून सदस्यांनी ती निर्माण केली. हा यादीचा भंग असला तरी तो अधिक विचारण्यासाठी केलेला भंग आहे; संहितेच्या हेतूशी त्याचे वैर नाही.

दुसरा प्रकार : लिहिले होते, पण घडले नाही. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गदारोळ चालू असताना सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक चर्चेवाचून संमत झाले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन कृषिकायदे रद्द करणारे विधेयक लोकसभेत पुरःस्थापित झाले व काही मिनिटांतच चर्चेविना संमत झाले. त्याच दिवशी राज्यसभेनेही ते संमत केले. ज्या कायद्यांसाठी शेतकरी वर्षभर रस्त्यावर बसले होते, ते का केले आणि का मागे घेतले, ह्याचे विवेचन सभागृहाच्या त्या दिवसाच्या वृत्तांतात मिळत नाही. विचार आणि संमती ह्यांमधील मोकळी जागा मोकळीच राहिली. दोष सरकारचा की गोंधळ घालणाऱ्यांचा, ह्याविषयी मतभेद होतील. परंतु विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव त्या दिवशीच्या यादीत लिहिलेला होता, ही गोष्ट कोणासही नाकारता येणार नाही. जे व्हावयास हवे होते आणि झाले नाही, त्याचा साक्षीदार म्हणून यादी उभी राहते.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर : घडू नये म्हणून लिहिलेच नाही. आणीबाणीच्या घोषणेनंतर जुलै १९७५ मध्ये भरलेल्या अधिवेशनात नियम स्थगित करून केवळ सरकारी काम घेण्याचे ठरले, आणि प्रश्न यादीतून गेले. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीमुळे बैठकीची वेळ कमी झाली. तेव्हा प्रश्नोत्तरांचा तास व खासगी सदस्यांचे कामकाज वगळण्यात आले, मात्र अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे मिळण्याची सोय राहिली. दोन्ही प्रसंगांची तुलना करताना तारतम्य सोडता कामा नये. पहिल्या प्रसंगी अनेक विरोधी सदस्य तुरुंगात होते. दुसऱ्या प्रसंगी रोगाचा धोका खरा होता, आणि शून्य प्रहर, तोकडा का होईना, चालू राहिला. पण संहितेच्या दृष्टीने दोहोंत एक साम्य उरते. वेळ अपुरा पडला तेव्हा कात्री लागली ती मागण्याला नव्हे, तोंडी उत्तर देण्याला. चांदणी गेली, अर्ज उरला.

ह्यावर असे म्हणता येईल की, गोंधळात बुडालेला प्रश्नोत्तरांचा तास आणि यादीतून वगळलेला तास ह्यांचा व्यावहारिक परिणाम एकच : उत्तर मिळत नाही. मग तिसरा प्रकार दुसऱ्याहून गंभीर का मानावा? राज्यसभेने नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रश्नोत्तरांची वेळ अकरावरून बारावर नेली, ती रोजच्या व्यत्ययातून हा तास वाचविण्यासाठीच. जागेपेक्षा उत्तर महत्त्वाचे, असा त्यामागील व्यवहारी विचार होता, आणि तो उपेक्षणीय नाही. तथापि जागा बदलणे आणि जागा पुसणे ह्यांत मूलभूत अंतर आहे. जागा बदलली तरी कर्तव्याची नोंद राहते. गोंधळात तास वाया गेला तर त्याचा हिशेब कागदावर उरतो. अमुक प्रश्न होता, अमुक मंत्र्याने उत्तर द्यावयाचे होते, ते दिले गेले नाही, असे पुढील अभ्यासकास पुराव्यानिशी म्हणता येते. जागाच पुसली तर ती उणीव दिसेनाशी होते. त्या दिवसाची यादी आणि त्या दिवसाचा वृत्तांत तंतोतंत जुळतात. वचनभंग झाला असे म्हणण्यास आधार राहत नाही, कारण वचनच दिलेले नसते. अभ्यासकाने शंका घ्यावी ती अशाच निर्दोष जुळणीची.

म्हणून ह्या संहितेच्या समीक्षेचा निकष प्रयोगाशी असलेल्या तिच्या मेळात शोधता येत नाही. पूर्णतः पार पडलेली यादी चांगली आणि अर्धवट राहिलेली वाईट, हे मोजमाप कारखान्याच्या उत्पादनास शोभेल, संसदेस नव्हे. चांगली यादी ती, जी सरकारकडून त्याच्या सोयीपेक्षा अधिक अपेक्षा करते, आणि ती अपेक्षा सर्वांआधी नोंदविते. तिचा काही भाग रोज अपुरा राहील. वीस तारांकित प्रश्नांपैकी मोजक्यांनाच तासाभरात तोंडी उत्तर मिळते, हा नेहमीचा अनुभव आहे. परंतु विसावा प्रश्न यादीत असणे, हीच पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची हमी असते. भाषणांचे संग्रह निघतात, त्यांवर प्रबंध होतात. यादी मात्र दुसऱ्या दिवशी जुनी होते. तिचा अभ्यास करावयाचा तो ह्यासाठी की, सभागृहात काय बोलले गेले हे वृत्तांत सांगतो, पण काय विचारण्याची सोय होती हे यादीवाचून कळत नाही.