‘ह्यू लिंडसे’ आणि पहिलेपणाचा वाद

महासागर वाफेच्या बळावर प्रथम कोणीं ओलांडला, या प्रश्नाचें उत्तर पाठ्यपुस्तकांतून बहुधा एका ओळींत मिळतें: अमेरिकेची ‘सव्हाना’, सन १८१९. परंतु लक्षण ठरविल्यावांचून लक्ष्याविषयीं वाद करूं नये, हा शास्त्रकारांचा दंडक येथें विसरला जातो.

‘सव्हाना’ लिव्हरपुलास २९ दिवसांनीं पोंचली. त्यांत तिचें यंत्र शंभर तासही चाललें नाहीं. ‘यंत्र असलेलें जहाज पार गेलें’ एवढेंच लक्षण मानल्यास अतिव्याप्ति होते. ‘शीड मुळींच नसावें’ असें म्हटल्यास १८३८ ची ‘ग्रेट वेस्टर्न’देखील वगळावी लागेल, कारण तीवरही शिडें होतीं, ही अव्याप्ति. म्हणून ‘प्रवासाचा मुख्य भाग यंत्रबळानें क्रमिला’ हेंच निर्दोष लक्षण होय. तें स्वीकारतांच यंत्रापेक्षां कोळशाचा विचार प्रधान ठरतो.

या कसोटीवर मुंबईची ‘ह्यू लिंडसे’ तपासण्याजोगी आहे. नवरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं ती सागाची बांधली जाऊन १४ ऑक्टोबर १८२९ रोजीं पाण्यांत उतरली. भार ४११ टन. यंत्रें दोन, प्रत्येकीं ८० अश्वशक्तीचीं, इंग्लंडांतून आणलेलीं. कोळशाची मूळ सोय अवघ्या साडेपांच दिवसांची. एडन तर सुमारें १६५० सागरी मैल. तेव्हां कप्तान विल्सन यानें उतारूंच्या खोल्यांतूनही कोळसा भरून ११ दिवसांची बेगमी केली. २० मार्च १८३० रोजीं निघालेली आगबोट एडनास लागली तेव्हां जेमतेम कांहीं तासांचा कोळसा उरला होता. पुढें जिद्दा व कोसैर करून ती २२ एप्रिलास सुएझला पोंचली. एकूण ३३ दिवसांपैकीं प्रत्यक्ष चाल सुमारें २१ दिवसांची. बाकीचा काळ मुख्यतः बंदरांत कोळसा भरण्यांत गेला.

आतां मर्माची गोष्ट. वाटेवरील वखारींत हा कोळसा शिडाच्या जहाजांनींच आगाऊ नेऊन ठेविला होता. म्हणजे वाफेनें समुद्र जिंकला तो वाऱ्याच्या खांद्यावर बसून.

या विषयावरील दोन ग्रंथ प्रसिद्ध आहेत: चार्ल्स रॅथबोन लो याचा हिंदी आरमाराचा इतिहास (१८७७) आणि रतनजी अर्देशीर वाडिया यांचा मुंबईच्या गोदीवरील ग्रंथ (१९५५). दोहोंचें उपकार मोठे आहेत. तथापि पहिल्याचा कणा अधिकारी व मोहिमा, दुसऱ्याचा कणा गोदी व वाडिया घराणें. कोळसा दोहोंत प्रसंगोपात्त येतो. त्यामुळें पराक्रम दिसतो, कार्यकारणभाव झांकला जातो. १९ जानेवारी १८३९ रोजीं इंग्रजांनीं एडन घेतलें, त्याचें तात्कालिक निमित्त लुटलेल्या जहाजाचें असलें तरी वखारीसाठीं सुरक्षित बंदर हवें होतें, हें कारण त्याहून खोल आहे. तें न सांगितल्यास आगबोटींचा इतिहास व साम्राज्याचा इतिहास हे दोन निराळे विषय भासतात.

‘ह्यू लिंडसे’चें गुणगान करतांना तिची मर्यादाही नोंदली पाहिजे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यास तोंड देण्याइतकें बळ तिच्या अंगीं नव्हतें. खर्चही संचालकांस रुचला नाहीं. उलट ‘ग्रेट वेस्टर्न’ न्यूयॉर्कला पोंचली तेव्हां सुमारें २०० टन कोळसा शिल्लक होता. ब्रुनेल यानें ओळखलें होतें कीं जहाज वाढवितां पोटांतली जागा घनाच्या प्रमाणांत वाढते, पाण्याचा विरोध मात्र वर्गाच्या. मुंबईच्या लहानग्या आगबोटीस हा लाभ नव्हता.

तेव्हां ‘ह्यू लिंडसे’स ‘पहिली’ म्हणण्याचा अट्टाहास नको, आणि तिला यादींतून वगळण्याचा अन्यायही नको. वाफेच्या नौकानयनाची खरी अडचण तिनें आठ वर्षें आधीं उघडी करून दाखविली. इतिहासांत हें स्थान पहिलेपणाहून उणें नाहीं. पुढील संशोधकानें जहाजांच्या नांवांची यादी वाढविण्यापूर्वीं वखारींचे हिशेब चाळावेत.

गोसीखुर्द, जि. भंडारा